१२ मीटर इलेक्ट्रिक बसचा एव्हास: डावीकडे डेसिबल भरतात, बँड मात्र नापास

मिलीव्होल्ट

नमस्कार मंडळी. १२ मीटरची लो-फ्लोअर इलेक्ट्रिक बस, २४ व्होल्टची यंत्रणा. कमी वेगात बस आल्याचं पादचाऱ्यांना कळावं म्हणून बाहेर वाजणारा इशारा-आवाज, म्हणजे एव्हास, बसवायचा आहे. सध्याची मांडणी अशी: बंपरमागे डाव्या कोपऱ्यात एक हॉर्न स्पीकर (देवळावरच्या भोंग्याचा धाकटा भाऊ म्हणा), १० वॅटचा अँप्लिफायर, ३१५ आणि १००० हर्ट्झचे दोन शुद्ध सूर, ४ सेकंदांचा लूप. वेग कॅनवरून (बसमधल्या कंट्रोलरांना जोडणारं डेटाचं जाळं) घेतला आहे.

यूएन नियम १३८ (शांत वाहनांच्या इशारा-आवाजाचा आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे माइक ठेवून आवारात मोजलं. ताशी १० किमी वेगाला डावीकडे ५३ डेसिबल, उजवीकडे ४८ (पुढेही वेगाचे किमी ताशीच). बँडनिहाय, म्हणजे आवाजाचे वारंवारतेप्रमाणे पट्टे पाडून, पाहिलं तर १००० च्या बँडमध्ये ५१ मिळतात, ३१५ मध्ये जेमतेम ३६. २० किमीला डावीकडेच ५५.

बाकीच्या तक्रारी:
– बस हलते, पण वेग ३ किमी होईपर्यंत आवाज येतच नाही.
– वेग वाढताना सूर पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो, कानाला खुपतं.
– चालकाच्या केबिनमध्ये घूं-घूं येते.
– बाजूने, मागच्या चाकापाशी उभं राहिलं तर काहीच ऐकू येत नाही.

४० वॅटचा मोठा भोंगा लावावा असा एक विचार आहे. त्याने भागेल का?

थर्डऑक्टेव्ह

नाही भागणार. उलट जे चांगलं आहे तेही बिघडेल. आधी हिशेब बघा.

नियमातला माइक बसच्या मध्यरेषेपासून २ मीटरवर, १.२ मीटर उंचीवर असतो. एकूण पातळी १० किमीला किमान ५०, २० किमीला ५६, रिव्हर्सला ४७, आणि कुठल्याही परिस्थितीत ७५ च्या वर नाही. निकालासाठी दोन बाजूंपैकी कमी भरलेली बाजू धरतात. म्हणजे तुमचा आकडा ५३ नाही, ४८ आहे. स्पीकर कोपऱ्यातून काढून मध्यरेषेवर आणला की दोन्ही बाजू सारख्या होतील. हे काम सर्वांत आधी करा, खर्च फक्त ब्रॅकेटचा आहे.

आता वॅट. ९० डेसिबल संवेदनशीलतेचा साधा स्पीकर, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ९०. तुम्हाला २ मीटरवर ५६ हवेत, म्हणजे १ मीटरवर ६२. फरक २८ डेसिबलचा, तेवढ्याला दीड-दोन मिलिवॅट पुरतात. बंपरमुळे १० डेसिबल खाल्ले गेले तरी २० मिलिवॅटच्या आत काम होतं. वॅट कमी पडत नाहीत, स्पीकर खालचा सूर काढूच शकत नाही. ३१५ हर्ट्झची तरंगलांबी मीटरभराहून जास्त. वीतभर तोंडाचा भोंगा तो सूर हवेत ढकलणार कसा? ४० वॅट दिले तर १००० चा सूर किंचाळेल आणि ३१५ जागच्या जागी राहील.

भोंगा काढा. ४ इंची कोन स्पीकर, पाणी आत न जाणाऱ्या प्रकारातला, मागे साधारण १ ते दीड लिटरचा हवाबंद डबा. २५० हर्ट्झपासून वर नीट वाजतो. डबा खरोखर हवाबंद हवा. मागचा आवाज पुढे आला की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मग लोक पुन्हा वॅट वाढवायला जातात.

बँडबद्दल. १६० ते ५००० हर्ट्झमधले किमान दोन थर्ड-ऑक्टेव्ह (सप्तकाच्या एक-तृतीयांश रुंदीचे) बँड त्यांच्या-त्यांच्या किमान रेषेवर हवेत, आणि त्यातला एक तरी १६०० किंवा त्याच्या खालचा. १० किमीसाठी रेषा अशा: ३१५ ला ४४, ४०० आणि ५०० ला ४५, ६३० ते १२५० ला ४६, १६०० ला ४४, २००० ला ४२. २० किमीला प्रत्येकात ५ वाढवा. यातला सापळा असा की दोनच बँड अगदी रेषेवर बसवले तर बेरीज पुरत नाही. ४६ आणि ४६ मिळून ४९ होतात, हवेत ५०. २० किमीला तीन बँड ५१-५१-५१ घेतले तरी ५५.८. पॉइंट दोनने नापास! टायरचा आवाज वर भर घालेल, पण त्याच्या भरवशावर डिझाइन करू नका.

मी अशी मांडणी करेन. ५ किमीला तीन घटक: ४०० हर्ट्झचा सूर, १००० भोवती अरुंद पट्टीतला सळसळीसारखा आवाज, १५०० भोवती तसाच दुसरा. वेगाबरोबर तिघेही दर किमीला दीड टक्क्याने वर. १० किमीला ते ४३०, १०७५, १६१२ वर येतात. पातळी अनुक्रमे ४९, ४९, ४७ ठेवा, बेरीज ५३ भरते. २० किमीला ते ४९०, १२२५, १८३७ वर जातात. तिथे ५४, ५५, ५१ ठेवा, बेरीज ५८.

वेगाबरोबर सूर बदलणं ऐच्छिक नाही. ५ ते २० किमी दरम्यान दर किमीला सरासरी किमान ०.८ टक्के, म्हणजे १५ किमीत १२ टक्के. पेटीवर बसून समजून घ्यायचं तर ५ किमीला सा असेल तर २० किमीला निदान शुद्ध रे लागला पाहिजे. (सा ते रे साडेबारा टक्के, काठावर पास.) दीड टक्का ठेवला तर कोमल ग ओलांडून शुद्ध ग च्या अलीकडे पोचतो. कानाला ‘बस वेग घेतेय’ हे तेव्हा कुठे खात्रीने कळतं.

आणि एक. सूर सरकताना बँडची हद्द ओलांडतो. ४०० चा बँड ४४७ हर्ट्झला संपतो. चाचणीच्या वेगाला तुमचा सूर नेमका त्या हद्दीवर आला तर ऊर्जा दोन बँडांत वाटली जाते आणि दोन्हीकडे ३ डेसिबल कमी दिसतात. आवाज तोच, निकाल नापास. १० आणि २० किमीला सूर हद्दीपासून लांब आहेत ना, हे कागदावरच तपासा.

नुसते शुद्ध सूर का नकोत तेही सांगतो. रस्त्यावरून, भिंतीवरून परतलेला सूर मूळ सुराला काही जागी मारतो. माणूस पाऊलभर सरकला की आवाज गायब, पुन्हा पाऊलभर सरकला की हजर. शिवाय शुद्ध सुराची दिशा कानाला नीट लागत नाही, सळसळीची चटकन लागते. सूर ‘वेग’ सांगतो, सळसळ ‘दिशा’ सांगते. दोन्ही लागतात. २००० च्या वर फार भर देऊ नका, वयाबरोबर पहिली तिथलीच ऐकण्याची शक्ती जाते आणि रस्ता ओलांडताना सर्वांत जास्त गरज त्याच लोकांना असते.

जुनाफॅरड

वरचं सगळं मान्य. विजेच्या आणि कॅनच्या बाजूचं मी घेतो.

३ किमीपर्यंत शांतता का? बहुतेक तुम्ही ‘जे-१९३९’ मधला (जड वाहनांच्या कॅनवरची ठरलेली भाषा) ६५२६५ क्रमांकाचा संदेश वाचताय, चाकावरून मोजलेला वेग. चाकाचा सेन्सर पॅसिव्ह असेल तर ३-४ किमीच्या खाली त्याच्यातून पुरेसा सिग्नलच निघत नाही, मग संदेशात वेग शून्य. आणि बस थांब्यावरून निघते तो पहिला मीटर तर सर्वांत धोक्याचा. मोटरचे फेरे इन्व्हर्टरकडून (मोटर चालवणारा कंट्रोलर) घ्या. २७५/७० आर २२.५ टायरचा परीघ साधारण ३ मीटर, अंतिम गुणोत्तर ६ धरलं तर १ किमी वेगाला मोटर मिनिटाला ३३ फेरे घेते. इन्व्हर्टरला ते आरामात कळतात. इन्व्हर्टरचा संदेश बनवणाऱ्यागणिक वेगळा असतो, त्यामुळे त्याचा तक्ता आधी मागून घ्या, अंदाजाने बाइट शोधत बसू नका.

त्याहून बरं म्हणजे चाक हलायची वाटच पाहू नका. दरवाजे बंद, गिअर डी मध्ये, हँडब्रेक सुटला: या तिन्ही गोष्टी जुळल्या की हळू पातळीवर आवाज सुरू. उभ्या बसचा आवाज यूएन १३८ मध्ये सक्तीचा नाही, पण मनाईही नाही.

पायऱ्या का? ६५२६५ दर १०० मिलिसेकंदांनी येतो. बस १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने निघाली तर तेवढ्यात वेग ०.३६ किमीने वाढतो, दीड टक्क्याच्या हिशेबाने सूर अर्ध्या टक्क्याने उडी मारतो. तीच तुमची पायरी. वेगावर उड्या गुळगुळीत करणारा साधा एकपदी फिल्टर लावा, वेळ-स्थिरांक ०.१५ सेकंद, आणि सुराचं गणित ऑडिओच्या प्रत्येक ब्लॉकला करा, कॅन संदेशाला नव्हे. लूपचा वेग बदलून सूर चढवत असाल तर दोन नमुन्यांमधली सरळ रेषा पुरत नाही, वर खरखर येते. चार बिंदूंची घन पद्धत वापरा. लूपच्या सांध्यावर ५० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या (शेवट विरत असतानाच सुरुवात चढवा), नाहीतर दर ४ सेकंदांनी टक् ऐकू येईल.

वरची हद्द: २० किमीपर्यंत पूर्ण पातळी, २० धरून. त्यापुढे २२ ते २८ मध्ये हळूहळू विरवा. परत येताना २५ ला सुरू करा. एकाच आकड्यावर चालू-बंद ठेवलंत तर ट्रॅफिकमध्ये २० च्या आसपास रेंगाळणारी बस उचकी लागल्यासारखी वाजेल.

वेगाचा संदेश अर्धा सेकंद आला नाही तर गप्प बसू नका. १५ किमीची पातळी धरून वाजत राहा आणि डॅशबोर्डवर दिवा लावा.

टेबलावर तपासायला बस लागत नाही. यूएसबी-कॅन जोड, दोन्ही टोकांना १२० ओहम, २५० केबीपीएस, आणि ६५२६५ स्वतःच पाठवा. त्यात वेग दुसऱ्या आणि तिसऱ्या बाइटमध्ये असतो, एक अंक म्हणजे १/२५६ किमी. त्यामुळे तिसरी बाइट म्हणजे थेट पूर्ण किमी आणि दुसरी म्हणजे अपूर्णांक: १० किमीसाठी दुसरी ०, तिसरी १०. वीससाठी तिसरी २०. एवढं सोपं आहे. फक्त हे चालत्या बसच्या कॅनवर कधीही करू नका, तोच वेग बाकीचेही वाचत असतात.

२४ व्होल्टच्या ओळीवर टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके गिळणारा) आणि उलट-ध्रुवता संरक्षण हवंच. आणि वायरिंगवाल्याला लेखी द्या: स्पीकरची एकही तार चॅसीला जोडायची नाही. ब्रिज आउटपुटच्या अँप्लिफायरला दोन्ही तारा जिवंत असतात. बॉडीशॉपमध्ये एक तार सवयीने अर्थला मारली जाते, चिप गरम होऊन बंद पडते आणि दोष स्पीकरवर येतो.

रस्त्यावरचा

हे सगळं प्रयोगशाळेत ठीक. आपल्या चौकात ८० डेसिबलचा कल्लोळ असतो. ५६ कोणाला ऐकू येणार? आवाज सरळ ७५ ला लावा आणि मोकळे व्हा.

थर्डऑक्टेव्ह

@रस्त्यावरचा, ७५ लावूनही तुमच्या चौकात फरक पडत नाही. हिशेब करू. चौकात ८० आहेत, ते ढोबळमानाने १२ बँडांत सारखे वाटले तर प्रत्येकात ६९. एव्हासचे ७५ तीन बँडांत वाटले तर प्रत्येकी ७०. म्हणजे बस दोन मीटरवर असताना जेमतेम बरोबरी. पण तीच बस रात्री दहाला गल्लीतून ७५ ने गेली तर? ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे. आठवड्याभरात लोक तारा कापायला लावतील.

चौकात चालक बघतो, हॉर्न आहे, सिग्नल आहे. एव्हासचं खरं काम जिथे पार्श्वभूमी ६०-६५ च्या आत आहे तिथलं: डेपोचं आवार, संध्याकाळचा थांबा, रुग्णालयाची गल्ली, बीआरटी मार्गिकेचं पादचारी ओलांडणं. ६५ च्या गल्लीत प्रत्येक बँडमध्ये साधारण ५४ येतात. वरच्या मांडणीत २० किमीला पहिल्या दोन बँडांत ५४-५५ आहेत. सळसळीला सेकंदाला ५-६ वेळा हलकं हेलकावलं की बरोबरीच्या पातळीतही कान ती उचलतो. हेलकावा ६ डेसिबलपर्यंत, पूर्ण शांततेपर्यंत नाही. तुटक आवाज यूएनच्या मार्गदर्शक सूचनांत टाळायला सांगितले आहेत, तसेच सायरन, घंटा, धून, प्राणी-पक्षी.

जमलं तर बाहेरचा गोंगाट मोजून पातळी आपोआप बदला. पण किमान रेषेच्या खाली कधीच नाही, आणि मोजणारा माइक एव्हासचाच आवाज ऐकून स्वतःला वाढवत बसणार नाही याची काळजी घ्या.

पांढरीकाठी

अंध व्यक्तींच्या चलनवलन प्रशिक्षणाच्या बाजूने काही मुद्दे. आकडे वर आलेच आहेत.

काठी घेऊन उभ्या माणसाला थांब्यावर तीन वेगळ्या गोष्टी कळाव्या लागतात: बस येतेय, बस उभी आहे, बस निघतेय. सूर वेगाबरोबर उतरतो तेव्हा ‘येतेय आणि थांबतेय’ कळतं. उभ्या बसचा हळू आवाज नसेल तर थांबलेली बस आणि नसलेली बस यांत फरक राहत नाही. माणूस तिच्या पुढून ओलांडायला निघतो. @जुनाफॅरड यांनी सांगितलेला निघण्यापूर्वीचा आवाज म्हणून फार महत्त्वाचा. चाक हलण्याआधी निदान एक सेकंद तरी मिळावा.

एव्हासवर बाकीची कामं लादू नका. दरवाजा कुठे आहे हे दरवाज्यापाशी टिकटिकणाऱ्या वेगळ्या छोट्या स्पीकरने सांगावं, मार्ग क्रमांक बाहेरच्या घोषणेने. घोषणा चालू असताना एव्हास थोडा खाली आला तरी चालेल, पण बस उभी असेपर्यंतच.

आणि एका शहरात एकच आवाज ठेवा. दर कंत्राटाला वेगळा आवाज आला तर शिकलेलं वाया जातं. लंडनच्या वाहतूक प्रशासनाने म्हणूनच सगळ्या बससाठी एक आवाज करून घेतला आणि २०२० च्या जानेवारीत १०० क्रमांकाच्या मार्गावर त्याची चाचणी सुरू केली.

गॅरेजकट्टा

बसवण्याचं कोणी बोललं नाही म्हणून.

केबिनमधली घूं-घूं: स्पीकरचा डबा चॅसीच्या आडव्या पट्टीला थेट बोल्टने आवळला असणार. मधे रबरी ग्रोमेट घाला, बोल्टभोवती बाही द्या, म्हणजे आवळल्यावर रबर चेपून दगड होणार नाही. बंपरच्या फायबरला डबा कुठेच टेकता कामा नये. ही केबिनची घूं-घूं किरकोळ समजू नका. चालकाला आठ तास ती ऐकावी लागली की एक दिवस कनेक्टर निघालेला सापडतो. म्हणून अँप्लिफायरने स्पीकरची जोडणी सुटली का हे दर वेळी चालू होताना तपासावं आणि दोष नोंदवावा. थांबवायचं बटण तर देऊच नका, यूएन १३८ च्या ०१ सुधारणेत ते बंद केलं आहे.

पाणी: उन्हात तापलेल्या बंद डब्यावर धुलाईच्या रॅम्पवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि गॅस्केटमधून पाणी आत ओढलं जातं. गॅस्केट जाड करून हे थांबत नाही. हवा हळूहळू जाऊ देणारा, पाणी न जाऊ देणारा पडद्याचा व्हेंट लावा, आवाजापुरता डबा हवाबंदच राहतो. स्पीकरचं तोंड २० अंश खाली झुकवा, पुढची जाळी काढून धुता येईल अशी ठेवा. पावसाळ्यात चिखलाने जाळी बुजली की वरचे बँड आधी पडतात, एकूण आकडा फारसा हलत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. महिन्याच्या देखभालीत १ मीटरवरून एक बँडनिहाय वाचन घेऊन मूळ वाचनाशी ताडून बघा, कुठल्याही बँडमध्ये ३ डेसिबलचा फरक आला की जाळी काढा.

बंपरला भोक कोनाएवढं तरी पाहिजे. चार छोटी भोकं पाडून ‘जाळीसारखं दिसतंय’ म्हणून सोडून देतात, तिथेच ६-८ डेसिबल जातात.

मिलीव्होल्ट

खूप खूप आभार. स्पीकर मध्यावर घेतो, भोंगा रद्द. दोन प्रश्न राहिले: मागच्या चाकापाशी दुसरा स्पीकर लावू का? आणि डेपोतून पहाटे ३० बस एकामागे एक निघतात, तिथे काय?

थर्डऑक्टेव्ह

मागच्या चाकाचं: नियमाची चाचणी पुढचं टोक माइकच्या रेषेपासून २ मीटर अलीकडे असताना सुरू होते आणि टोक रेषेवर आलं की संपते. बसची बाजू त्यात मोजलीच जात नाही. पुढच्या स्पीकरपासून ८ मीटर मागे नुसत्या अंतरानेच १२ डेसिबल जातात, वर बसच्या अंगाची सावली. ५० चे तिथे ३८ सुद्धा राहत नाहीत. त्यामुळे डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या थोडं पुढे, स्कर्टमध्ये (बाजूच्या खालच्या पत्र्यात) दुसरा स्पीकर लावाच. पातळी पुढच्यापेक्षा ६ डेसिबल कमी, कारण बसची रुंदी अडीच मीटर, थांब्यावरचा माणूस अंगाला चिकटून उभा असतो. त्याला फक्त सळसळीचे दोन घटक द्या, ४०० चा सूर देऊ नका. दोन्ही स्पीकरना सळसळीचे वेगवेगळे यादृच्छिक नमुने द्या, नाहीतर एकच आवाज दोन जागांहून येऊन मधे बहिरे ठिपके तयार होतात.

डेपोचं: सारख्या १० बस एकत्र वाजल्या तर १० डेसिबल वाढतात, आणि सगळ्यांचा सूर तंतोतंत एक असेल तर ते एकमेकांत मिसळून जातात, कुठली बस हलतेय ते कळत नाही. चॅसी क्रमांकावरून ठरणाऱ्या आकड्याने प्रत्येक बसचा मूळ सूर अर्ध्या टक्क्याच्या आत इकडे-तिकडे करा. हेलकाव्याचा वेगही सेकंदाला ५ ते ६ च्या दरम्यान थोडा बदला. कानाला आवाज तोच वाटतो, बस मात्र सुट्या ऐकू येतात.

रिव्हर्स कमी करता आला तर बघा, म्हणजे बस रात्री तोंड बाहेर करून लावा. रिव्हर्सला वेगळा इशारा बसवलेला असेल तर त्या वेळी एव्हासची गरज नसते. तो इशारा टीं-टीं ऐवजी सळसळीचा घ्या, भिंतीपलीकडच्या घरांत तो बराच कमी पोचतो.

जुनाफॅरड

कागदपत्रांचं एक राहिलं. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात नवीन मॉडेलना १ ऑक्टोबर २०२६ आणि आधीपासून बनत असलेल्यांना १ ऑक्टोबर २०२७ अशा तारखा होत्या, मानक एआयएस-१७३. तुमचं मॉडेल कुठल्या गटात बसतं ते चाचणी संस्थेकडून आधी लेखी घ्या. आणि आवाजाची फाइल गोठवून तिची चेकसम (फाइल बदलली तर लगेच कळवणारा आकडा) कंट्रोलरमध्ये ठेवा. प्रमाणित आवाज एक आणि डेपोत कुणीतरी टाकलेला दुसरा, असं व्हायला एक पेनड्राइव्ह पुरतो.